पहिलटकरणीच्या सोबतीला कोण?

आजच्या भागात बचतीचा हिशेब नाही की कर्जाचे हप्ते नाहीत. आज बोलू या पहिल्या बाळंतपणाबद्दल, पण जरा मागे जाऊन. आपल्या आज्या-पणज्यांची पहिली खेप कशी व्हायची, ती कोणी बदलली, त्या बदलात आपल्याला काय मिळालं आणि काय हातातून सुटलं, हे बघू या.

पहिलटकरीण म्हणजे पुढे काय होणार हे जिला ठाऊकच नाही अशी बाई. तिच्या कळा बारा-बारा तास चालतात, कधी त्याहूनही जास्त. कंबर भरून येते, पोट दगडासारखं होतं, मग सैल पडतं. पुन्हा तेच. तिला वाटतं, आता होईल. रात्र सरते तरी होत नाही. मग ती घाबरते, आणि घाबरलेलं अंग आणखीच आखडतं. जुन्या बायकांना हे पक्कं माहीत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत पडली ती काही उगीच नाही. सासरी कण्हायची चोरी, माहेरी निदान ओरडता तरी येतं.

जुन्या घरातली बाळंतिणीची खोली आठवा. बहुतेक अंधारी, खिडकी असली तरी बुजवलेली. एक बाज, खाली शेगडी, धुरीला ओवा आणि बाळंतशेपा. सुईण यायची. कळा वाढल्या की पहिलटकरीण उकिडवी बसायची, पुढे आढ्याला बांधलेला दोर धरायची आणि मागून आई नाहीतर चुलती तिला पाठीशी धरून बसायची. आमच्या गटातल्या एक आजी सांगतात की पासष्ट वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीतलं त्यांना फार काही आठवत नाही, पण पाठीला टेकलेले चुलतीचे गुडघे अजून आठवतात.

सुईणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बऱ्याच गावांत ती दलित समाजातली असायची. एरवी जिला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाहीत, तिलाच अडल्या वेळी आत बोलवायचे. नाळ कापायची तिनं, घाण काढायची तिनं, आणि काम झालं की पुन्हा ती बाहेरची. मोबदला म्हणून पसाभर धान्य, एखादं जुनेर. शेकडो वर्षं आपली पोरं ज्या हातांनी जगात आणली, त्या हातांना आपण मान दिला नाही. त्यांना काही शिकवायचाही विचार कोणी केला नाही.

त्याची किंमत बायांनी आणि पोरांनी मोजली. नाळ विळ्यानं नाहीतर घरातल्या कुठल्याही पात्यानं कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा. चांगलं रडणारं, पिणारं बाळ चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढे कधीतरी दूध ओढेनासं व्हायचं, त्याची दातखीळ बसायची, अंग ताठ व्हायचं आणि ते जायचं. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून घर जागं राहायचं. मला वाटतं, ते दिवस धोक्याचे आहेत एवढं बायांना अनुभवानं कळलं होतं. कारण मात्र कळलेलं नव्हतं.

आईला व्हायचा तो बाळंतरोग. दोन-चार दिवसांत थंडी वाजून ताप चढायचा, पोट फुगायचं आणि धडधाकट बाई जायची. हा ताप काही आपल्या गावांपुरता नव्हता. मोठमोठ्या शहरांतल्या दवाखान्यांतही तो होता. युरोपात व्हिएन्ना नावाचं शहर आहे. तिथल्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात सुईणी काम शिकायच्या, दुसऱ्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी. आणि डॉक्टरांच्या विभागात बाया जास्त मरायच्या! सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी यावर खूप विचार केला. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी मुडदे चिरून येतात आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात. १८४७ मध्ये त्यांनी नियम केला, की क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाईला हात लावायचा नाही. एप्रिल महिन्यात शंभरातल्या अठरा बाया गेल्या होत्या. नियम लागल्यावर जूनमध्ये दोनच्या आसपास गेल्या. तरीही बरोबरीच्या अनेक डॉक्टरांना ते पटलं नाही. आपल्याच हातांनी बाया मेल्या, हे कबूल कोण करणार? १८६५ मध्ये ते वारले, तोवर त्यांचं म्हणणं फारसं कोणी मानलेलं नव्हतं.

आता आपल्या पुण्यात येऊ. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवांसाठी बाळंतपणाचं घर उघडलं. फसवल्या गेलेल्या तरुण विधवांना तेव्हा दोनच वाटा असायच्या, आपला जीव द्यायचा नाहीतर बाळाचा घ्यायचा. त्यांतल्या कितीतरी पहिलटकरणी असणार, आणि माहेर असून नसल्यासारखं. सावित्रीबाईंनी त्यांना माहेर दिलं. तिथेच एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

ज्या १८६५ साली सेमेलवाइस गेले, त्याच साली कल्याणला एक मुलगी जन्मली. तिचं माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी पहिलं बाळंतपण, मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. विचार करा, चौदाव्या वर्षी आपल्या मुली आठवी-नववीत असतात. त्या दुःखातून आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज आणि बाई डॉक्टर तर नाहीच, यात बाया मरतात हे त्यांना दिसत होतं. १८८३ मध्ये त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी प्रबंध लिहिला तोसुद्धा आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाचं काम त्यांना मिळालं होतं. पण क्षयानं त्यांना गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आपल्या हातानं एक दवाखाना चालवायची वेळ त्यांच्यावर आली नाही, पण बाई डॉक्टर होऊ शकते हे सगळ्यांना दिसलं.

शहरात दवाखाने वाढले, खेड्यात मात्र बराच काळ फार काही बदललं नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित होत्या. ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, त्यांच्याच हाती आरोग्याचं काम आलं. पुढे गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ श्वास घेत नसेल तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, हे सगळं. तीन वर्षांत त्या गावांमध्ये नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. दायांच्या प्रशिक्षणात पाच गोष्टी पाठ करून घेत: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काहीही लावायचं नाही.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत झाली. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात शंभरातली सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ मध्ये ९५. पूर्वी, म्हणजे २००४-०६ च्या सुमारास, लाख बाळंतपणांमागे १३० आया जायच्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. २०१५ मध्ये आई आणि नवजात बाळ यांचा धनुर्वात देशातून हटल्याचं जाहीर झालं. मैत्रिणींनो, हे मिळालेलं सोडायचं नाही. घरीच करू या असं कोणी म्हणालं तर त्या जुन्या अंधाऱ्या खोलीची आठवण द्या.

पण सुटलं काय? सोबत सुटली. माझं पहिलं बाळंतपण एका दवाखान्यात झालं. सगळं स्वच्छ होतं. पण टेबलावर उताणी पडून रात्रभर मी एकटीच होते. आई दाराबाहेर बाकावर. दार उघडलं की तिची चप्पल तेवढी दिसायची. ओरडले तर वरून बोलणी बसली. गटात विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणींची हीच गोष्ट निघाली.

जुन्या काळी हात घाण होते, पण ओळखीचे होते. आता हात स्वच्छ आहेत, पण अनोळखी आहेत. दोन्ही एकत्र मिळायला काही अडचण नाही. २०१६ मध्येच केंद्र सरकारनं सांगितलंय की सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी एक बाई सोबत राहू शकते. तिला स्वतःला बाळंतपणाचा अनुभव हवा, संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी आणि डॉक्टर-नर्सच्या कामात तिनं मध्ये पडायचं नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही हेच सांगितलं, की बाईला तिच्या मनाची सोबत द्या, अडचण नसेल तर कळांमध्ये चालू-फिरू द्या, पाणी पिऊ द्या, तिला सोसेल तसं बसू द्या. आढ्याचा दोर धरून उकिडवी बसणारी आपली पणजी अगदीच अडाणी नव्हती म्हणायची!

म्हणून एक काम सांगते. गटात कोणाची मुलगी-सून पहिलटकरीण असेल, तर सातव्या महिन्यात ओटी भरताना तिलाच विचारा, "तुझ्याबरोबर आत कोण हवं?" आई, सासू, जाऊ, मावशी, ज्या बाईचं नाव ती घेईल ती. मग त्या बाईला घेऊन आशाताईंबरोबर आधीच दवाखान्यात जाऊन या, नर्सताईंशी बोला, सोबतीचा नियम विचारून ठेवा. ऐन वेळी दारात भांडण नको. आणि त्या सोबतिणीला शिकवा: नखं काप, हात धू, कंबर चोळ, पाणी पाज, आणि कळ ओसरली की तिला सांग, "एक गेली गं, आता एक कमी झाली."