साडेअकरा पौंड दरमहा

सयाजीबागेत, म्हणजे आम्हा जुन्या बडोदेकरांच्या तोंडी असलेल्या कमाटीबागेत, पाहुण्यांना संकल्पभूमी दाखवायला नेलं की ठरलेलं वाक्य कानावर येतं : 'सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली.' वाक्य खरं आहे. पण माझी नोकरी बांधकामाच्या बिलांत गेली, त्यामुळे 'दिली' या क्रियापदावर माझं समाधान होत नाही. बिल पास होणं ही एक गोष्ट आणि पैसे हातात पडणं ही दुसरी. किती दिले, कोणत्या चलनात, कोणत्या तारखेपासून, कोणत्या अटीवर, आणि अट मोडली तर काय, हे विचारल्याशिवाय मदतीचा इतिहास पुरा होत नाही असं मला वाटतं. या लेखात तेवढंच करून पाहिलं आहे.

आपल्याकडे विद्येसाठी राजाने पैसा देणं नवीन नव्हतं. पेशवाईत पुण्याला श्रावणात रमण्यात दक्षिणा वाटली जाई. बडोद्यातही श्रावणमासाची दक्षिणा होती. पण दक्षिणा म्हणजे वर्षातून एकदा, हातावर, आणि ठरावीक जातीला. घेणारा पुढे काय शिकतो याची विचारपूस नसे आणि घेणाऱ्यावर कसलं बंधनही नसे. दरमहाची शिष्यवृत्ती हा वेगळाच प्रकार. तिच्यात मुदत आली, विषय आला, प्रगतीचा हिशेब आला आणि करारनामा आला. सयाजीरावांच्या राज्यात हा बदल एका माणसाच्या हयातीत झालेला दिसतो.

पहिला आकडा पंचवीस रुपयांचा. विठ्ठल रामजी शिंदे फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना त्यांना महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळू लागले. अट अशी की शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानात नोकरी करायची. शिंद्यांचं मन मात्र धर्मकार्याकडे वळलं. महाराजांनी त्यांना नोकरीच्या अटीतून मोकळं केलं, आणि १९०१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजला निघाले तेव्हा प्रवासखर्चाला मदतही केली. म्हणजे करार होता, पण तो सोडवायला खुद्द धनी तयार होता. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

दुसरे पंचवीस रुपये भीमराव आंबेडकरांचे. एल्फिन्स्टन कॉलेजात पुढचं शिक्षण वडिलांना झेपेना, तेव्हा बुद्धचरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. त्यावर १९१२ साली बी. ए. झालं. १९१३ च्या जानेवारीत ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण वडील आजारी असल्याची तार आली आणि परत जावं लागलं. २ फेब्रुवारीला रामजी सुभेदार वारले.

त्यानंतर महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. आंबेडकरांची निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सही झाली. नेमून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६.

इथे जरा थांबू. आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. शिष्यवृत्ती मात्र १५ जूनपासून लागू. सहीनंतर अकरा दिवसांनी मीटर चालू झाला, वर्ग भरायच्या कितीतरी आधी! ही बाब कोणी फारशी सांगत नाही, पण मदतीची खरी परीक्षा तारखेत असते. मी कॉलेजात असताना आमच्या वर्गातल्या शिष्यवृत्तीवाल्या मुलांचा चेक मार्चात येई आणि फी मात्र जूनमध्ये भरावी लागे. मधले नऊ महिने ती मुलं नातेवाइकांकडून उसनवारी करत. कागदावर त्या मुलांना पूर्ण मदत मिळालेली होती.

आता साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या काळी पंधरा रुपयांना एक पौंड असा पक्का भाव होता (रुपयाला एक शिलिंग चार पेन्स). म्हणजे महिन्याला साडेबाहत्तर वर शंभर, १७२ रुपये ८ आणे. एल्फिन्स्टनच्या पंचवीस रुपयांच्या जवळजवळ सातपट. डॉलरमध्ये धरलं तर तेव्हाच्या सुवर्णभावाने सुमारे ५६ डॉलर. तीन वर्षांच्या छत्तीस हप्त्यांचे ४१४ पौंड, म्हणजे ६,२१० रुपये. हा गुणाकार माझा आहे आणि तो फक्त दरमहाच्या रकमेचा आहे.

या छप्पन्न डॉलरांत न्यूयॉर्कला राहायचं, खायचं आणि पुस्तकं घ्यायची. शिवाय घरी पैसे पाठवायचे, कारण मुंबईत रमाबाई आणि कुटुंब होतं. शिष्यवृत्तीच्या हिशेबात विद्यार्थी एकटा धरलेला असतो. विद्यार्थी मात्र बहुतेक वेळा एकटा नसतो. तरीही धनंजय कीरांच्या चरित्रात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून घेतलेल्या सुमारे दोन हजार पुस्तकांचा उल्लेख आहे. १९१५ मध्ये एम. ए. झालं. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातींवरचा निबंध वाचला गेला, आणि त्यानंतर पाच आठवड्यांत मूळ मुदत संपत होती.

एक गोष्ट माझ्या इंजिनियरी नजरेला फार बोलकी वाटते. शिष्यवृत्ती पौंडांत ठरलेली होती. रुपयाचा भाव घसरला असता तर जादा रुपये दरबाराने मोजायचे होते, विद्यार्थ्याचे पौंड तेवढेच राहिले असते. म्हणजे हुंडणावळीची जोखीम देणाऱ्याच्या अंगावर. लंडनच्या दुसऱ्या फेरीत हे चित्र नेमकं उलटं झालं, त्याकडे पुढे येतो.

मुदत वाढवून मिळाल्यावर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातलं. पण पुढची वाढ मिळाली नाही आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली, एवढाच दिलासा. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले. सामान दुसऱ्या बोटीने येत होतं, ती बोट पाणतीराने बुडाली. पुस्तकं गेली. नुकसानीचे सहाशे रुपये मिळाले आणि त्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला. करार पाळायला निघालेल्या माणसाला गाडीभाडं समुद्रात बुडालेल्या ट्रंकांनी दिलं, असंच म्हणायचं.

सप्टेंबर १९१७. नेमणूक, त्यांच्याच आठवणींनुसार, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून. चरित्रकार लष्करी सचिवपदाचा उल्लेख करतात. काही असो, ज्या संस्थानाच्या तिजोरीतून छत्तीस महिने आणि वर पैसे गेले, त्याच्याच हिशेबखात्यात तो विद्यार्थी येऊन बसला. पण राहायला जागा मिळेना. विश्या होत्या, पण तिथे जात विचारत. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले. आठ तासांत जागा सोडायची होती. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून झालं, दोघांनीही टाळलं. दिवाण मनुभाई मेहतांकडूनही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्रीची, म्हणून मधला वेळ कमाटीबागेत काढला. २३ सप्टेंबर हा दिवस त्यासाठी पाळला जातो.

बडोदेकर म्हणून मला हा भाग सांगताना अडखळायला होतं. फेरीतले काही जण हळूच म्हणतात, 'महाराजांनी तर सगळं केलं, लोकांनी घात केला.' हे अर्धंच खरं. महाराजांनी पैसा दिला, पण राज्ययंत्रणेने त्यापुढचं काही पाहिलं नाही. दहा वर्षं चाकरीला बांधून घेतलेला माणूस कोणत्या घरात राहील, हा प्रश्न करारनाम्यात नव्हता. सरकारी बंगला देणं दरबाराला अशक्य नव्हतं. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत मोडला, आणि तो मोडला कोणी याचं उत्तर मला तरी विद्यार्थ्याच्या बाजूला सापडत नाही. शिंद्यांना करारातून महाराजांच्या हाताने सुटका मिळाली होती. आंबेडकरांना शहराने हाकललं.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर प्राध्यापकी. त्यातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातले स्नेही नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपयांचं कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे तोच विद्यार्थी, तेच विद्यापीठ, पण आता खिशात मुंबईचे रुपये. आणि हाच तो काळ जेव्हा रुपयाचा भाव वेड्यासारखा हलत होता. ऑगस्ट १९१७ पासून तो चढू लागला, १९२० च्या फेब्रुवारीत सरकारने दोन शिलिंगांचा भाव जाहीर केला, आणि वर्षभरात तो कोसळून एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली गेला. १९२० च्या सुरुवातीला ज्या रुपयांत जितके पौंड येत, ते वर्षभरानंतर येईनात. हा फटका सोसायला आता मागे दरबार नव्हता.

१९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रबंध नेमका रुपयाच्या प्रश्नावर आहे. त्याची कारणं अर्थशास्त्रातच शोधावीत हे मला मान्य आहे. पण विनिमयाचा भाव हा ज्याच्या रोजच्या जेवणाशी जोडलेला होता, अशा माणसाने तो लिहिला, हे वाचताना माझ्या मनातून जात नाही.

१९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा कोलंबियाचा प्रबंध छापला गेला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दलच्या कृतज्ञतेने. करार पुरा झाला नव्हता आणि बडोद्यातली ती रात्रही विसरलेली नव्हती, कारण पुढे आत्मकथनात ती सविस्तर आली आहे. ऋण आणि अपमान त्यांनी वेगवेगळ्या खात्यांवर मांडले. एकाची वजाबाकी दुसऱ्यातून केली नाही.

मग तेच देणाऱ्याच्या बाजूला गेले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी तरतूद मागितली, वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती अजून चालू आहे. तिच्यात परतल्यावर दहा वर्षं चाकरीची अट नाही. आज केंद्र आणि राज्य ६० आणि ४० टक्के भार उचलतात, आणि केंद्राचा वाटा आधारशी जोडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात थेट जमा होतो. तारखेची अडचण मात्र संपलेली नाही, हे कोणत्याही कॉलेजच्या खिडकीवरची रांग सांगेल.

त्या योजनेत निर्वाहभत्त्याचे दर दोन आहेत : घरून येणाऱ्यासाठी एक आणि वसतिगृहात राहणाऱ्यासाठी त्याहून जास्त. म्हणजे विद्यार्थी राहणार कुठे, हे आता अर्जातच विचारलं जातं. ४ जून १९१३ च्या कागदात तो रकाना नव्हता.