पीक विमा, महाराष्ट्रातील (२०२३ नंतरचे बदल)

पीक विमा : पिकाचे उत्पादन ठरलेल्या पातळीखाली गेल्यास शेतकऱ्याला भरपाई देणारी हप्त्यावरची व्यवस्था. महाराष्ट्रात ती खरीप २०१६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेखाली चालते. फळबागांची हवामानावर आधारित योजना वेगळी असून तिच्या मुदती बहराप्रमाणे बदलतात.

या विम्यामागचा विचार पुण्याचा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७०च्या दशकात असे मांडले, की एकेका शेताचे नुकसान मोजत बसणे परवडणारे नाही. सारख्या हवापाण्याचा टापू एकक धरावा आणि त्याचे उत्पन्न घटले तर सर्वांना एकाच दराने भरपाई द्यावी. १९७९चे प्रायोगिक विमे, १९८५ची सर्वंकष योजना आणि १९९९-२००० पासूनची राष्ट्रीय कृषी विमा योजना याच पायावर उभ्या राहिल्या. २०१६च्या योजनेने त्यावर एकेका शेतापुरती संरक्षणे चढवली. खरीप २०२० पासून कर्जदारांवरची सक्ती उठली. विमा नको असलेल्या कर्जदाराने मात्र मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसे लिहून द्यावे लागते; नाही दिले तर हप्ता खात्यातून कापला जातो.

खरीप २०२३ मध्ये राज्याने शेतकऱ्याचा हप्ता स्वतः उचलला आणि अर्जामागे फक्त १ रुपया ठेवला. अर्ज सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. त्यांत दुसऱ्याच्या नावची, सरकारी किंवा पडीक जमीन दाखवलेले बोगस अर्जही निघाले. रुपयाचा विमा भरायला अर्ज भरून देणाऱ्या काही सुविधा केंद्रांवर शंभर रुपये मागितले जात, ही तक्रार गावोगाव होती. वास्तविक सुविधा केंद्राला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडूनच मिळत.

एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही सवलत बंद केली. खरीप २०२५ पासून शेतकऱ्याचा वाटा विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीत १.५ टक्के आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्के. बोभाटा झाला तो हप्त्याचा, पण खरा बदल दुसराच होता. पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही चारही जादा संरक्षणे राज्याने वगळली. भरपाई उरली ती फक्त पीककापणी प्रयोगांतून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या किंवा तालुक्याच्या सरासरीवर.

हिशोब असा. मंडळातील गेल्या सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सोयाबीनची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल धरू. जोखीमस्तर, म्हणजे सरासरीच्या जेवढ्या भागाची हमी असते तो, ७० टक्के; म्हणून उंबरठा उत्पन्न १०.५ क्विंटल. यंदाची सरासरी ८.४ आली तर घट उंबरठ्याच्या २० टक्के. संरक्षित रक्कम ५०,००० रुपये असेल तर हेक्टरी १०,००० मिळतील. सरासरी ११ आली तर काहीच नाही, कारण उंबरठा ओलांडला. ओढ्याकाठच्या एकट्याचे रान खरवडून गेले आणि बाकी मंडळ तरले, तरी त्याच्या हाती विम्याचे काही पडत नाही. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाडा आणि सोलापूर भागात ही उणीव उघडी पडली. ऑक्टोबरमध्ये राज्याने जाहीर केलेले ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज ही सरकारी मदत होती, विमा नव्हे. गावात दोन्हींना ‘अनुदान’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

खरिपाची मुदत एरवी ३१ जुलै. २०२५ मध्ये ती बिगर कर्जदारांसाठी १४ ऑगस्ट आणि कर्जदारांसाठी ३० ऑगस्टपर्यंत वाढली. रब्बीत ज्वारीला ३० नोव्हेंबर, गहू, हरभरा व कांद्याला १५ डिसेंबर, उन्हाळी भात आणि भुईमुगाला ३१ मार्च. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल रेंगाळते. मुदतवाढीवर भिस्त ठेवणे म्हणजे पावसाच्या अंदाजावर पेरणी करणे.

अर्जाला आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सोबत सातबारा, आधारशी जोडलेले बँक खाते आणि पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. कुळाने किंवा वाट्याने करणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तोंडी बटाईचा व्यवहार त्यामुळे बाहेरच राहतो. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची ॲपवरची नोंद, बंधनकारक आहे. तिची मुदत वेगळी असल्याने ती विसरली जाते. विम्यात सोयाबीन आणि पाहणीत तूर अशी तफावत निघाली तर पाहणीतली नोंद ग्राह्य धरतात व अर्ज बाद होतो.

कंपन्यांशी राज्याचा करार ८०:११० पद्धतीचा आहे. भरपाई एकूण हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य उचलते. ८० टक्क्यांखाली राहिली तर कंपनीने जास्तीत जास्त २० टक्के ठेवून उरलेला पैसा राज्याला परत करायचा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने खरीप २०२६ पासून दोन गोष्टी स्थानिक आपत्तीत घेतल्याचे जाहीर केले : वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान आणि २०१८ मध्ये काढून टाकलेले भाताचे पाण्याखाली जाणे. नुकसान ७२ तासांत ॲपवर, जागेची नोंद असलेल्या छायाचित्रासह कळवायचे. विदर्भात रानडुक्कर आणि रोही, दोडामार्गात हत्ती; रात्र माळ्यावर काढणाऱ्यांची ही जुनी मागणी. पण जादा संरक्षण घ्यायचे की नाही ते राज्य ठरवते, प्राण्यांची आणि जिल्ह्यांची यादीही राज्यानेच काढायची. अधिसूचना निघेपर्यंत रानडुकराने लोळवलेला मका हा विम्याच्या लेखी उभाच असतो.