किंमतबंदी, किरकोळ विक्रीतील

विक्रेत्यांनी संगनमताने, किंवा उत्पादकाने त्यांच्यावर बंधन घालून, ग्राहकाला मिळणारा भाव आधीच बांधून टाकणे. भारतात स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 खाली याची चौकशी होते. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मारुती सुझुकीचे: मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील सवलत-नियंत्रणाबद्दल एका निनावी ईमेलवरून तपास सुरू झाला. ठरल्यापेक्षा जास्त सूट देणारा डीलर पकडण्यासाठी खोटे गिऱ्हाईक पाठवले जाई, आणि सापडल्यास डीलरला दंड होई, असा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2021 मध्ये कंपनीला 200 कोटी रुपयांचा दंड केला. कंपनीने आरोप नाकारून अपील केले.

अशा दंडाने ग्राहकाचे काय भले होते? थेट काहीच नाही; रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, हुकलेली सूट परत येत नाही. कलम 53न खाली भरपाई मागता येते, पण एकट्या ग्राहकाला ती वाट परवडणारी नाही. कंपनी दंड किमतीतूनच वसूल करील, हा आक्षेप मात्र अर्धाच खरा आहे: प्रतिस्पर्धी कंपन्या असताना ती भाव मनमानी वाढवू शकत नाही. खरा लाभ दंडासोबतच्या मनाईच्या आदेशात असतो, कारण त्याने डीलरची घासाघीस मोकळी होते. सूट रोखल्याने विक्रीपश्चात सेवा सुधारते, असाही एक बचाव असतो. तो खरा असेल तर सेवेचे मोल ग्राहकाला वेगळे आकारून दाखवता यावे.