‘फूड अँड सोसायटी’ सर्टिफिकेट म्हणजे काय? ते मिळवायला काय लागतं?

परदेशी कोर्सेसची यादी देणाऱ्या रील्समध्ये ‘अंडरग्रॅज्युएट सर्टिफिकेट इन फूड अँड सोसायटी’ हे नाव दिसलं, की अनेकांना वाटतं, हा शेफ होण्याचा कोर्स असणार. तसं नाही. हे केल्याने डाएटिशियनही होता येत नाही. अमेरिकेत नोंदणीकृत डाएटिशियनची परीक्षा द्यायची तर १ जानेवारी २०२४पासून मास्टर्स पदवीच लागते.

मग यात शिकवतात काय?

कोण काय खातं, ते कुणी पिकवलं, कुणाच्या ताटात ते आलंच नाही आणि का. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाचं १९८५चं ‘स्वीटनेस अँड पॉवर’ हे या विषयातलं गाजलेलं पुस्तक. श्रीमंतांची चैन असलेली साखर ब्रिटिश कामगाराच्या चहात कशी आली आणि त्यासाठी कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत गुलाम कसे राबले, हे त्यात आहे. मुंबईत जन्मलेले अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८मध्ये भारतातल्या पाककृतींच्या पुस्तकांवर निबंध लिहिला. ‘भारतीय जेवण’ नावाची कल्पना घडवण्यात या पुस्तकांचा वाटा किती, हा त्याचा विषय. मराठीत शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ याच वाटेवरचं. पाककृतींच्या पुस्तकांनी ज्यांना जागाच दिली नाही, त्या मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांबद्दल ते बोलतं.

अटी काय असतात?

अमेरिकेत हे सर्टिफिकेट बहुतेक वेळा पदवीच्या जोडीने करायचं असतं. म्हणजे आधी त्या विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश हवा. पदवी साधारण १२० क्रेडिटची असते, सर्टिफिकेटला त्यातले सुमारे १२ ते १८ पुरतात. म्हणजे चार ते सहा विषय. एक पायाभूत विषय सक्तीचा, बाकीचे इतिहास, समाजशास्त्र, पर्यावरण, सार्वजनिक आरोग्य अशा वेगवेगळ्या विभागांतून निवडायचे. शेवटी अनेक ठिकाणी प्रकल्प किंवा इंटर्नशिप. शाळेच्या ताटात अंडं असावं की नाही, हा आपल्याकडचा वाद अशा प्रकल्पासाठी अगदी फिट बसेल!

खरी मेख नियमांच्या बारीक अक्षरांत असते. मुख्य पदवीसाठी केलेला विषय सर्टिफिकेटसाठीही मोजतात का? किमान ग्रेड किती? हे दोन प्रश्न पहिल्याच वर्षी विचारा. मोजत नसतील, तर जास्तीचे विषय घ्यावे लागतात आणि त्यांची फी वाढू शकते.

आपल्याकडचं ‘यूजी सर्टिफिकेट’ हेच का?

नाही, आणि गोंधळ इथेच होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार भारतात ‘यूजी सर्टिफिकेट’ मिळतं ते पदवी पहिल्या वर्षानंतर सोडली तर. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात त्यासाठी ४० क्रेडिट आणि उन्हाळी सुट्टीत ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स अशी अट आहे. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. थोडक्यात, तिकडचं सर्टिफिकेट पदवीत भर घालतं, इकडचं पदवी अर्धवट राहिली तरी हात रिकामा ठेवत नाही.

त्यामुळे कुणी एजंट ‘बारावीनंतर थेट फूड अँड सोसायटी सर्टिफिकेट’ म्हणून पैसे मागत असेल, तर आधी त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर कोर्सचं पान उघडा. ‘कोण अर्ज करू शकतं’ या मथळ्याखाली ‘सध्याचे पदवी विद्यार्थी’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो अर्ज तुमच्यासाठी नाही.