महापालिका मुख्यालय व अग्निशमन दल, छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर महापालिकेचे मुख्यालय टाऊन हॉल परिसरात असून तिच्या अग्निशमन दलाचे मुख्य केंद्र पदमपुऱ्यात आहे. मुख्यालयाचा परिसर शहराच्या सर्वांत जुन्या राजकीय भूमीवर येतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवले, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला आणि त्यालगतच्या उंचवट्यावर नौखंडा महाल बांधला. पुढे औरंगजेबाचा किल्ले अर्कही याच बाजूला झाला. राजवटी बदलल्या, तरी सत्तेचे ठाणे या टापूपासून फारसे दूर गेले नाही, हे या शहराचे लक्षणीय वैशिष्ट्य होय.

हैदराबाद संस्थानाच्या काळात, १९३६ मध्ये, येथे नगरपालिका स्थापन झाली. तिचे क्षेत्र सुमारे ५४.५ चौ. किमी. होते. ८ डिसेंबर १९८२ रोजी महापालिका अस्तित्वात आली, भोवतालची अठरा गावे हद्दीत आली आणि क्षेत्र १३८.५ चौ. किमी. झाले. पहिली निवडणूक मात्र १९८८ मध्ये झाली. २००६ मध्ये सिडकोच्या वसाहतीही महापालिकेकडे आल्या. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती.

अग्निशमन दल ठेवणे हे महापालिकेचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य आहे. हद्द वाढली तशी पदमपुऱ्याच्या जोडीला सिडको व चिकलठाणा येथे केंद्रे झाली. दलाला दोन अगदी वेगळ्या शहरांत काम करावे लागते : गुलमंडी, सिटी चौक, शहागंज भागांतील अरुंद गल्ल्या, जिथे मोठा बंब वळवणेही कठीण, आणि दूरवर पसरलेल्या नव्या वसाहती, जिथे अंतर हीच अडचण. त्यात पाण्याच्या अडचणीची भर पडते. शहराचे बहुतेक पाणी सुमारे ५० किमी. दूरच्या जायकवाडी धरणातून उपसून आणावे लागते आणि अनेक भागांत नळ काही दिवसांआड येतात. अशा शहरात बंब पुन्हा भरणे हाच कामाचा मोठा भाग ठरतो.

२९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार जळाला. शंभराहून अधिक दुकाने भस्मसात झाली. जीवितहानी झाली नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला लागलेल्या आगीत सहा कामगारांचा बळी गेला. ३ एप्रिल २०२४ रोजी छावणीतील कपड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण गुदमरून मृत्युमुखी पडले. वाळूजची वसाहत औद्योगिक विकास महामंडळाची, तर छावणीचा कारभार स्वतंत्र छावणी परिषदेकडे. म्हणजे अलीकडच्या सर्वांत भीषण अशा या दोन्ही आगी महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या होत्या.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील आगरोधक यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादाराची आहे. ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. खाली दुकान, वर घर ही छावणीतील रचना जुन्या शहराच्या बाजारपेठांतही सर्रास आढळते; तेथे जिना एकच असला, तर तळमजल्यावरील आगीमुळे वरच्यांची सुटकेची वाटच बंद होते.