गावच्या पाण्याची जोखीम : नमुन्याआधी विहिरीचा काठ पाहा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून आठवडा उलटत नाही, तोच एखाद्या वाडीत गॅस्ट्रोची साथ पसरल्याची बातमी येते. प्राथमिक आरोग्य केंद्राचे पथक दाखल होते, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे रवाना होतात आणि अहवाल हाती येईपर्यंत साथ घरोघरी फिरून गेलेली असते. याच विहिरीचा मे महिन्यातील अहवाल मात्र पुष्कळदा ‘पिण्यास योग्य’ असाच असतो. तो खोटा नसतो. तो ज्या दिवशीच्या पाण्याचा होता, तो दिवस मागे पडलेला असतो, इतकेच.

महानगरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत पाण्याची तपासणी दिवसरात्र चालते. सार्वजनिक विहीर, हातपंप, डोंगरातून नळाने आणलेला झरा किंवा एका टाकीवर चालणारी नळयोजना यांच्या वाट्याला वर्षाकाठी मोजकेच नमुने येतात. जिवाणू तपासणीसाठीचा नमुना जेमतेम १०० मिलिलिटरचा. दोन नमुन्यांच्या मधल्या काळात काय घडले, हे तो सांगू शकत नाही. त्यामुळे लहान योजनांच्या बाबतीत ‘आज पाणी कसे आहे’ यापेक्षा ‘ते दूषित होण्याच्या वाटा कोणत्या’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मधील आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्रोतापासून घरापर्यंतच्या जोखमीचा विचार करणाऱ्या ‘जलसुरक्षा आराखड्या’चा पुरस्कार केला. २०२४ मध्ये तर लहान पाणीपुरवठ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली.

या पद्धतीचे मुख्य साधन म्हणजे स्वच्छता सर्वेक्षण. त्याला यंत्र लागत नाही; डोळे आणि एक प्रश्नावली पुरते. संघटनेच्या १९९७ मधील नमुना प्रश्नावलीत उघड्या विहिरीसाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे प्रश्न आहेत. दहा मीटरच्या आत शौचालय आहे काय? ते विहिरीपेक्षा उंचावर आहे काय? जवळ उकिरडा किंवा गुरांचा गोठा आहे काय? कठडा अपुरा आहे काय? भोवतीचा ओटा एक मीटरपेक्षा अरुंद किंवा तडकलेला आहे काय? सांडपाणी तेथेच साचते काय? दोर-बादली जमिनीवर पडून असते काय? प्रत्येक ‘होय’ला एक गुण. दोनपर्यंत जोखीम कमी, तीन ते पाच मध्यम, सहा ते आठ जास्त आणि त्यापुढे अति तीव्र.

दहा मीटरचा आकडा मात्र डोळे झाकून वापरू नये. दख्खनच्या काळ्या पाषाणात भेगांमधून पाणी वेगाने आणि दूरवर जाते. कोकणातील सच्छिद्र जांभ्यातही तेच. अशा ठिकाणी वीस-पंचवीस मीटरवरचा शोषखड्डाही सुरक्षित मानता येत नाही. उतार कोणत्या दिशेला आहे आणि पावसाचे पाणी कोठून वाहत येते, हे गावातील वडीलधारी माणसे कोणत्याही नकाशापेक्षा चांगले सांगतात. सर्वेक्षण पावसाळ्यात एकदा तरी करावे. कोरड्या मे महिन्यात निर्दोष दिसणारा काठ जुलैमध्ये निराळाच दिसतो.

नळयोजना आली म्हणजे प्रश्न मिटला, हा समजही फसवा आहे. बहुतेक गावांत नळाला दिवसातून तास-दोन तासच पाणी येते. उरलेल्या वेळात वाहिनी रिकामी असते. पुरवठा थांबताना वाहिनीत निर्वात पोकळी निर्माण होते आणि जेथे गळती आहे, तेथूनच बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. गटारातून गेलेली जलवाहिनी आणि पाण्याने भरलेला व्हॉल्वचा खड्डा ही म्हणूनच सर्वेक्षणात प्रथम पाहण्याची ठिकाणे. टाकीचे झाकण आणि ती शेवटची केव्हा धुतली याची तारीखही पाहावी.

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, असे सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. व्यवस्था चांगली आहे. अडचण अशी, की कार्डाच्या रंगाची बातमी होते आणि रंग ज्या कारणांमुळे मिळाला ती कारणे कागदावरच राहतात. तडा बुजविणे, ओटा बांधणे, उकिरडा हलविणे ही त्यांतील बरीचशी कामे गवंड्याच्या दोन दिवसांची असतात.

दुसरी फळी निर्जंतुकीकरणाची, म्हणजेच गावात सर्वांना ठाऊक असलेल्या टीसीएल पावडरची. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असते. उघड्या तोंडाच्या गोणीत, दमट खोलीत ते झपाट्याने उडून जाते. अशा पावडरीचा पांढरा रंग तेवढा शिल्लक असतो. चांगल्या पावडरीचे प्रमाण एक हजार लिटरला सुमारे पाच ग्रॅम. गोल विहिरीतील पाणी मोजण्यासाठी व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५ (मापे मीटरमध्ये) केल्यास लिटर मिळतात. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल, तर सुमारे ३७ हजार ७०० लिटर, म्हणजे जवळपास १९० ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवून चुन्याचा गाळ बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडावी आणि अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरिन गाळावरच खर्ची पडते, हे पावसाळ्यात विसरू नये. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरले पाहिजे. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे होते ते त्याचमुळे. ही चाचणी टाकीजवळ नव्हे, तर शेवटच्या घराच्या नळावर घ्यावी.

नोंदवहीत भरलेला आकडा आणि पाण्यातील क्लोरिन यांत अंतर पडले तर काय होते, याचे उदाहरण कॅनडातील वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावाने दिले. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पावसाने शेतातील शेणखत एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरिनचे आकडे कर्मचारी प्रत्यक्ष न मोजताच लिहीत असत, असे नंतरच्या चौकशीत उघड झाले. सात जण दगावले आणि सुमारे २३०० लोक आजारी पडले. श्रीमंत देशातील नळाचे पाणी होते ते.

आता प्रयोगशाळेकडे. तिचे महत्त्व कमी नाही. सर्वेक्षण आणि अहवाल शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. अहवाल निर्दोष, पण सर्वेक्षणात सात ‘होय’ असतील, तर दुरुस्ती तातडीने हवी. सर्वेक्षणात काहीच आढळले नाही आणि अहवाल दूषित आला, तर न दिसणारी गळती शोधावी. घरगुती पातळीवर एचटूएस बाटली उपयोगी पडते. ती काळी पडली की विष्ठेच्या प्रदूषणाचा संशय धरावा.

काही जोखमी मात्र काठावर उभे राहून दिसत नाहीत. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते दातांवर आणि पुढे हाडांवर दुष्परिणाम करते. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांना त्याचा अनुभव आहे. खतांच्या व सांडपाण्याच्या झिरप्यातून येणाऱ्या नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. टीसीएलने यांपैकी काहीच जात नाही. पाणी उकळल्याने तर वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळांच्या दुधासाठी असे पाणी वापरणे धोक्याचे. नव्या बोअरचे पाणी नळाला जोडण्यापूर्वी त्याची रासायनिक तपासणी करून घ्यावी आणि दोष आढळल्यास पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधावा.