सरहद्दीपलीकडचा बंडवाला

अमेरिकी 'वेस्टर्न' चित्रपटांतील फरारी नायकाचे आकर्षण केवळ बंदुकीत किंवा घोड्यात शोधणाऱ्या समीक्षकांच्या नजरेतून सरहद्द निसटते. आणि सरहद्द म्हणजे काय, हे सावंतवाडीच्या इतिहासाइतके स्पष्ट क्वचितच दुसरीकडे दिसते. 1838 मध्ये इंग्रजांनी या संस्थानाचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढे 1844 मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ल्याच्या राखणीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या जमिनी उपभोगणाऱ्या शिबंदीने, आपल्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात जात असल्याचे पाहून बंड केले, तेव्हा त्याची ठिणगी घाट उतरून सावंतवाडीत आली. तांबुळीचे फोंड सावंत मनोहरगडाचा आश्रय घेऊन लढू लागले आणि संस्थानचे युवराज अण्णासाहेबही बंडवाल्यांना मिळाले. 1845 मध्ये इंग्रज सेनानी आउट्रमच्या फौजेने गड घेतला. पण बंडवाल्यांना जायला वाट होती, कारण दाट जंगलाच्या पलीकडे पोर्तुगीजांचा गोवा होता आणि इंग्रजांचा हुकूम त्या वाटेवर संपत होता.

वेस्टर्न चित्रपटाची कथा अशाच फटीत वाढते. 1903 मधील एडविन पोर्टर यांच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' या सुमारे 12 मिनिटांच्या चित्रपटात दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो, आणि ते दृश्य चित्रपटाच्या आरंभी लावावे की शेवटी, हे चित्रगृहचालकांवर सोपवलेले होते. तोवर सरहद्दीचा काळ ओसरला होता: 1890 च्या जनगणनेनंतर अमेरिकेत वसाहतीची सलग सीमारेषा उरली नसल्याचे जाहीर झाले होते. जे हातचे गेले तेच पडद्यावर आले. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी 'सामाजिक दरोडेखोर' अशी संज्ञा वापरली, ती राज्यकर्त्यांना गुन्हेगार वाटणाऱ्या परंतु गावकऱ्यांना आपल्या बाजूचा वाटणाऱ्या माणसासाठी होती. फोंड सावंतांच्या बाबतीत ती सर्वस्वी लागू पडत नाही, कारण ते लूटमार करणारे नव्हे, तर वतनदारीच्या जगातले मानकरी होते.

तरीही दोन्हीकडे शेवट सरहद्दच ठरवते. 1969 च्या 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड' या चित्रपटातील जोडी अमेरिका सोडून बोलिव्हियात पळते आणि तेथे अखेरचे चित्र गोठवून त्यांचा मृत्यू पडद्याबाहेर ठेवला जातो. फोंड सावंतांच्या घराण्याला अशी सवलत मिळाली नाही: 1857-58 मध्ये त्यांच्या मुलांनी पुन्हा शस्त्र उचलले, तेव्हा पोर्तुगीजांनीही इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि शरण आलेल्यांना दूरच्या तिमोर बेटावर धाडले. 1844 च्या बंडात सामील झालेले अण्णासाहेब मात्र पुढे माफी मिळवून 1867 मध्ये सावंतवाडीच्या गादीवर बसले.